ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला? सेन्सर बदलण्याआधी सर्किट तपासा

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर ‘ऑक्सिजन सेन्सर सर्किट’ असे शब्द दिसतात आणि लगेच नवा सेन्सर मागवला जातो. कोड पुसल्यामुळे दिवा विझतो. काही दिवसांनी तो परत लागतो, कारण वायर अजूनही एक्झॉस्टला टेकून वितळलेली असते किंवा फ्यूज उडालेलाच असतो. एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर स्वस्त नसतो आणि जुना काढताना एक्झॉस्टचे आटे खराब होण्याची भीती असते, ते वेगळंच. म्हणून माझा आग्रह असा, की कोडमध्ये ‘सर्किट’ हा शब्द असेल तर तो शब्दशः घ्या. सेन्सर, त्याचा हीटर, चार वायरी, कनेक्टर, फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच), अर्थ म्हणजे बॉडीशी असलेली जोडणी, आणि ईसीएम म्हणजे इंजिनचा संगणक, हे सगळं मिळून सर्किट होतं. दोष यातला कशातही असू शकतो, आणि तो नेमका कुठे आहे हे साध्या मल्टीमीटरने सिद्ध करता येतं.

सेन्सर कसा बोलतो

पेट्रोल गाड्यांत सर्वाधिक आढळतो तो झिर्कोनियाचा सेन्सर. झिर्कोनियाच्या सिरॅमिकला दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टमधला धूर. सिरॅमिक साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापलं, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार ते स्वतःच व्होल्टेज तयार करतं. मिश्रण रिच असेल, म्हणजे पेट्रोल जास्त असेल, तर धुरात ऑक्सिजन जवळपास उरत नाही आणि व्होल्टेज ०.८ ते ०.९ पर्यंत चढतं. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असेल तर ते ०.१ च्या आसपास येतं. हवा आणि पेट्रोल वजनाने १४.७ ला १ या प्रमाणात असताना हा बदल एकदम होतो, आणि ईसीएम ०.४५ व्होल्टची रेषा धरून पेट्रोल कमी-जास्त करत राहतं. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी बसवलेल्या निरोगी सेन्सरचं रीडिंग कधीच एका जागी उभं राहत नाही.

सिरॅमिक थंड असेल तर सेन्सर मुका असतो. इंजिन सुरू झाल्यावर त्याने लवकर कामाला लागावं यासाठी आत हीटर दिलेला असतो. पुढची तपासणी समजायला एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हीटरचं सर्किट आणि सिग्नलचं सर्किट ही दोन स्वतंत्र कामं आहेत. एकाच कनेक्टरमधून जातात, एवढंच त्यांचं नातं.

चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी सारख्या रंगाच्या असतात, त्या हीटरच्या. उरलेल्या दोनपैकी एक सिग्नलची, दुसरी सिग्नल-ग्राउंडची. बॉशच्या पद्धतीत हीटरच्या दोन्ही पांढऱ्या, सिग्नलची काळी आणि ग्राउंडची करडी असते. बाकीच्या कंपन्यांचे रंग निराळे असतात, आणि कनेक्टरच्या पलीकडे गाडीच्या वायरिंगचे रंग तर आणखी वेगळे. आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर ठेवूनच पिना मोजा. पाच-सहा वायरी दिसल्या तर तो वाइडबँड सेन्सर आहे. त्याचा हिशेब पूर्ण वेगळा असल्याने त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

कोड पूर्ण वाचा

पहिलं काम कोड पुसण्याचं नव्हे, लिहून ठेवण्याचं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही उतरवा. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनचं तापमान किती होतं, आरपीएम किती, वेग किती, फ्युएल ट्रिम (ईसीएमने पेट्रोलमध्ये केलेली टक्केवारीतली वाढ-घट) किती, हे त्यात असतं. बॅटरी काढली किंवा कोड पुसला की ही माहिती गेली, ती परत मिळत नाही.

बँक म्हणजे सिलिंडरची एक रांग, आणि बँक १ म्हणजे सिलिंडर नंबर एक ज्या बाजूला आहे ती बाजू. सेन्सर १ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ नंतरचा. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात बहुतेक वेळा बँक एकच असते. सिलिंडरच्या दोन रांगा असलेल्या व्ही-६ मध्ये मात्र भलत्याच बाजूचा सेन्सर उघडून अख्खा दिवस वाया जाऊ शकतो, तेव्हा आधी खात्री करा.

बँक १ सेन्सर १ चे कोड असे लागतात: पी०१३० सर्किटमध्ये बिघाड, पी०१३१ व्होल्टेज कमी, पी०१३२ व्होल्टेज जास्त, पी०१३३ प्रतिसाद मंद, पी०१३४ हालचालच नाही, पी०१३५ हीटर सर्किट. त्याच बँकेच्या सेन्सर २ साठी पी०१३६ ते पी०१४१, आणि बँक २ सेन्सर १ साठी पी०१५० ते पी०१५५. काही गाड्या हीटरसाठी पी००३०, पी००३१, पी००३२ हे कोडही देतात. या आकड्यांवरून सुरुवात कुठून करायची ते ठरतं. पी०१३५, पी०१४१ किंवा पी००३१ असेल तर थेट हीटरच्या तपासणीकडे जा. पी०१३१, पी०१३२ किंवा पी०१३४ असेल तर सिग्नलच्या वायरीकडे. पी०१३३ मध्ये वायरिंगचा दोष क्वचितच असतो. तिथे जुनाट झालेला किंवा काजळी धरलेला सेन्सर आणि एक्झॉस्टची गळती हे पहिले संशयित.

पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, आणि पी०१७२, म्हणजे रिच, हे सेन्सरचे कोड नाहीतच. तिथे सेन्सर आपलं काम करून इंजिनची तक्रार सांगतो आहे. तो कोड पाहून सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणं.

एकाच वेळी दोन-तीन सेन्सरचे हीटर कोड आले तर ते सगळे सेन्सर एका दिवशी मेले असं समजू नका. हीटरचा पुरवठा बहुधा एकाच फ्यूजमधून जातो. कुठेतरी एक वायर सोलून शॉर्ट झाली, फ्यूज उडाला, आणि सगळे हीटर एकदम बंद पडले. फ्यूज बदलून चालू झालं तरी थांबायचं नाही. तो उडाला का, हे सापडल्याशिवाय काम झालेलं नाही.

हात लावण्याआधी

इंजिन चालू ठेवून होणाऱ्या तपासण्या मोकळ्या हवेतच करा, बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. एक्झॉस्ट काही मिनिटांतच हात भाजण्याइतका तापतो. मीटरच्या वायरी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर बांधून घ्या. गाडी जॅकवर असेल तर खाली स्टँड हवाच.

डिजिटल मल्टीमीटर १० मेगाओहम इनपुटचा घ्या. काट्याचा जुना मीटर किंवा टेस्ट लॅम्प सिग्नलच्या वायरीला कधीही लावू नका. हा सेन्सर इतका नाजूक करंट देतो, की तेवढ्या भारानेही त्याचं रीडिंग कोसळतं. सेन्सरच्या सिग्नल पिनांवर ओहम मोजू नका, मीटर स्वतःचा करंट सिरॅमिकमध्ये सोडतो. ओहम मोजायचे ते फक्त हीटरचे.

आता नजर फिरवा. सेन्सरपासून निघालेली वायर कुठे क्लिपमधून सुटून एक्झॉस्टला टेकली आहे का? उंदराने कुरतडली आहे का? कनेक्टर उघडून आत पाणी, तेल, हिरवा गंज दिसतो का, एखादी पिन मागे सरकली आहे का? मग एक्झॉस्ट. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, वेल्डिंगवर, जोडांवर काळे ओघळ शोधा. सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या दाबाच्या दोन लाटांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर प्रामाणिकपणे लीन दाखवतो. थंड इंजिन सुरू करून टकटक असा आवाज येतो का ते ऐका. इंजिन मिसिंग मारत असेल तर आधी ते दुरुस्त करा. ज्या सिलिंडरमध्ये जळलंच नाही तिथला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो, आणि न जळलेलं पेट्रोल सोबत असूनही सेन्सर लीन सांगतो.

हीटरची तपासणी

सेन्सर थंड असताना कनेक्टर सोडवा आणि सेन्सरच्या बाजूच्या हीटर पिनांवर ओहम मोजा. बऱ्याच सेन्सरमध्ये हा आकडा काही ओहमपासून १५-२० ओहमपर्यंत असतो, नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला. शून्याजवळ असेल तर शॉर्ट. हीटरची प्रत्येक पिन आणि सेन्सरची धातूची बॉडी यांच्यातही मोजा, तिथे अनंतच हवं. हीटर गरम असताना ओहम वाढतात, त्यामुळे गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर थांबा.

हीटर ठीक निघाला तर वायरिंगच्या बाजूला वळा. इथे एक फसगत नेहमी होते. पुरवठ्याच्या पिनवर मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, ‘सप्लाय आहे’ म्हणून पुढे गेलो. पण वायरीतला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. वायरीवर भार टाका. ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याचं एक टोक वायरिंगच्या बाजूच्या पुरवठा पिनला आणि दुसरं बॅटरीच्या वजा टोकाला लावा. चावी चालू करा. काही गाड्यांत रिले इंजिन सुरू झाल्यावरच ओढतो, तिथे इंजिन सुरू करावं लागेल. बल्ब पूर्ण तेजाने लागला आणि त्याच वेळी पिनवरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली पडलं नाही, तर पुरवठा खरोखर चांगला. बल्ब मिणमिणला तर फ्यूजचा पाय, रिले, मधला जोड असा मागे मागे शोध घ्या.

दुसरी पिन बहुतेक गाड्यांत ईसीएमकडे जाते, आणि ईसीएम ती अर्थला जोडून-सोडून हीटर चालवतं. इथे २१ वॉटचा बल्ब वापरू नका, ईसीएमच्या आतल्या ड्रायव्हरवर ताण येईल. ५ वॉटचा बल्ब बॅटरीच्या अधिक टोकापासून या पिनला लावून इंजिन सुरू करा. बल्ब लागला किंवा फडफडला तर ईसीएम आपलं काम करतं आहे. अजिबात लागला नाही तर चावी बंद करून, बॅटरी सोडून, ईसीएमच्या प्लगपर्यंत वायर अखंड आहे का ते पाहा. चावी बंद असतानाही लागत राहिला तर ती वायर कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे. फक्त काही जुन्या गाड्यांत ही पिन कायमची अर्थला जोडलेली असते, तिथे बल्ब लागणं बरोबरच आहे. डायग्राम पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

सिग्नलची तपासणी

अनेक गाड्यांत ईसीएम सिग्नलच्या वायरीवर स्वतःहून सुमारे ०.४५ व्होल्टचं हलकं व्होल्टेज ठेवतं. सेन्सर थंड आहे तोवर स्कॅनरवर तेच दिसतं, सेन्सर तापला की तो आपल्या व्होल्टेजने त्याला हलवतो. काही कंपन्या वेगळा आकडा ठेवतात, तेव्हा आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहा. खालचे आकडे ०.४५ वाल्या गाड्यांचे आहेत.

कनेक्टर सोडवा, चावी चालू, इंजिन बंद. वायरिंगच्या बाजूला सिग्नल आणि सिग्नल-ग्राउंड या पिनांमध्ये मीटर लावा आणि शेजारी स्कॅनरचा लाइव्ह डेटा उघडा ठेवा. दोन्ही एकत्र वाचण्यात खरी गंमत आहे.

मीटर आणि स्कॅनर दोन्ही ०.४५ च्या आसपास असतील तर वायरी आणि ईसीएम यांच्यावर आतापर्यंत तरी संशय नाही. दोन्हीकडे शून्य असेल तर सिग्नलची वायर अर्थला शॉर्ट आहे किंवा ईसीएममध्ये दोष आहे. स्कॅनर ०.४५ सांगतो पण मीटर शून्य दाखवतो, तर मध्ये वायर तुटली आहे. दोन्हीकडे एक व्होल्टच्या वर काही दिसत असेल तर सिग्नलची वायर पुरवठ्याच्या वायरीला, बहुतेकदा हीटरच्याच, चिकटली आहे.

पुढे वायरच्या छोट्या तुकड्याने सिग्नलची पिन सिग्नल-ग्राउंडच्या पिनला जोडा. स्कॅनर शून्यावर यायला हवा. आला नाही तर तोच तुकडा सिग्नलपासून थेट बॅटरीच्या वजा टोकाला लावा. आता आला, तर सिग्नल-ग्राउंडची वायर तुटलेली आहे. तरीही ०.४५ च राहिला, तर सिग्नलची वायर तुटली आहे. वरची बाजू तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो: सेलचं वजा टोक सिग्नल-ग्राउंडला, अधिक टोक सिग्नलच्या पिनला. स्कॅनर एका व्होल्टच्या वर गेला पाहिजे. स्कॅनरवर हे रीडिंग बहुधा १.२७५ वर अडकतं, कारण ओबीडी-२ च्या, म्हणजे गाडीच्या निदान-यंत्रणेच्या मानकात या सेन्सरसाठी तेवढाच आवाका ठेवला आहे. खाली आणि वर, दोन्हीकडे स्कॅनर व्यवस्थित गेला, तर कनेक्टरपासून ईसीएमपर्यंतचं सर्किट निर्दोष ठरलं.

पी०१३१ साठी याहून झटपट युक्ती आहे. इंजिन चालू, स्कॅनरवर शून्याजवळचं रीडिंग अडकलेलं. कनेक्टर ओढा. रीडिंग उसळून ०.४५ वर आलं तर वायरिंग ठीक, सेन्सर तरी खराब आहे किंवा धूर खरोखर लीन आहे. शून्यावरच राहिलं तर सेन्सरला हातही लावू नका, दोष वायरीत आहे.

दोष येतो-जातो असेल तर स्कॅनरचा आलेख चालू ठेवून वायरिंग हलवा, वाकवा, कनेक्टर हळूच ओढा. आलेखात खड्डा पडला की जागा सापडली. जाड प्रोब पिनेत खुपसू नका, ढिली झालेली पिन हा नवा दोष तुम्हीच तयार कराल.

सेन्सर खोटं बोलतो की इंजिन खरं सांगतं?

सर्किट निर्दोष ठरल्यावरच हा प्रश्न विचारायचा. कनेक्टर परत जोडा, इंजिन पूर्ण तापू द्या, २५०० आरपीएमवर स्थिर धरा. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर १० सेकंदांत अनेक वेळा ०.२ च्या खाली आणि ०.८ च्या वर गेला पाहिजे. मग अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडा. दाबल्यावर मिश्रण रिच होतं, रीडिंग ०.८ च्या वर उडी मारतं. सोडल्यावर इंजेक्टर बंद होतात, ते ०.२ च्या खाली कोसळतं. ऑसिलोस्कोप असेल तर चांगला सेन्सर एका टोकाकडून दुसरीकडे जायला १०० मिलिसेकंदांहून कमी वेळ घेतो. वेगवान उतार, वेगवान चढ आणि पूर्ण उंची या तिन्ही गोष्टी असतील तर सेन्सर जिवंत आहे.

आता फ्युएल ट्रिम वाचा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (साठत गेलेली) ट्रिम यांची बेरीज साधारण अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर इंजिन ठीक. ट्रिम अधिक २५ आणि सेन्सर सतत लीन, पण झटका दिल्यावर व्यवस्थित उडी मारतो, तर सेन्सर खरंच बोलतो आहे. व्हॅक्यूमची गळती, कमी फ्युएल प्रेशर, घाण एअर मास सेन्सर यांच्याकडे जा. एक छोटा व्हॅक्यूम होज काढून रीडिंग लीन होतं का तेही पाहता येतं. मात्र एअर मास सेन्सरऐवजी मॅनिफोल्डच्या दाबावर चालणाऱ्या गाड्यांत होज काढला तर ईसीएम लगेच पेट्रोल वाढवतं, तिथे या चाचणीवर भिस्त ठेवू नका.

कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरला हा मोजदंड लावू नका. तो ०.६ ते ०.७ च्या आसपास शांत असतो आणि तसाच असायला हवा. तोही पहिल्या सेन्सरसारखा नाचत असेल तर दोष बहुधा कन्व्हर्टरचा, आणि कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी०४२० हा कोड मागोमाग येतो.

वाइडबँडमध्ये ०.४५ ची रेषा पाहण्यात अर्थ नाही. तिथे ईसीएम एका छोट्या पंप-सेलमधून करंट सोडतं आणि करंट कुठल्या दिशेला, किती लागला यावरून मिश्रण ओळखतं. स्कॅनरवर लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-पेट्रोल प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) किंवा मिलिअँपिअर वाचा: लॅम्डा १ च्या आसपास, झटक्याला खाली, सोडल्यावर वर. हीटरची तपासणी वरच्यासारखीच, पण बाकीच्या पिनांवरचे आकडे फक्त त्या गाडीच्या पुस्तिकेतले घ्या. बॉशच्या अशा सेन्सरच्या कनेक्टरमध्ये त्याच सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो, त्यामुळे जुना कनेक्टर कापून नव्या सेन्सरला लावू नका.

बदलायचाच असेल तर

सेन्सर एक्झॉस्ट कोमट असताना, फटीच्या २२ मिमी सॉकेटने काढा. काढलेलं टोक पाहा. मऊ काळी काजळी असेल तर इंजिन रिच चालतं आहे. पांढरा थर असेल तर सिलिकॉनचं सीलंट किंवा कूलंट जळण्यात आलं असावं. तपकिरी राख असेल तर इंजिन ऑइल खातं. कारण तसंच ठेवून नवा सेन्सर लावला तर त्याचीही तीच गत होते.

नव्याच्या आट्यांवर बहुधा अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं लेपण, लावूनच येतं. नसेल तर सेन्सरसाठीचं घ्या, आणि टोकाला ते लागू देऊ नका. टॉर्क पुस्तिकेप्रमाणे. वायर जोडायचीच वेळ आली तर सोल्डरिंग टाळा, चांगला क्रिंप वापरा: अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या धाग्यांमधूनच आत घेतात, सोल्डर ती वाट बंद करतं. याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका. वायर मूळ क्लिपांत बसवा.

शेवटी कोड पुसा, थंड इंजिनापासून सुरुवात करून शहरातला आणि मोकळ्या रस्त्यावरचा असा दोन्ही प्रवास करा. स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर आणि हीटर यांचे मॉनिटर, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण झालेले दिसेपर्यंत काम संपलं असं मानू नका. दिवा लागलेला नसला तरी पेंडिंग, म्हणजे अजून पक्के न झालेले कोड तपासा, आणि लाँग टर्म ट्रिम पुन्हा शून्याकडे सरकली का तेही पाहा.